राष्ट्रध्वजाचे सोवळे

जानेवारीचा तिसरा आठवडा लागला की आमच्या भागातील शाळांतून ध्वजस्तंभाच्या ओट्याला चुना फासला जातो. सव्वीस तारखेच्या पहाटे ओट्याभोवती रांगोळी पडते, स्तंभाला हळदकुंकू लागते, बुंध्याशी नारळ फुटतो, उदबत्ती पेटते. एखादा हौशी शिक्षक स्तंभाला झेंडूची माळ गुंडाळतो. मग प्रमुख पाहुणे ओट्याखाली चपला काढून वर चढतात आणि दोरी ओढतात. प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर मास्तरकी केली आणि हा सोहळा इतक्या वेळा पाहिला की त्यात काही खटकण्यासारखे आहे हेच ध्यानात येईनासे झाले होते. एके वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, झेंड्याला विटाळ होतो का?" तिला एका मोठ्या बाईने दोरीला हात लावू नकोस म्हणून बजावले होते. कारण तिच्या पाळीचे होते की तिच्या वस्तीचे, हे तिने सांगितले नाही आणि मीही खोदून विचारले नाही. दोन्ही कारणे एकाच पोथीतली आहेत.

त्या वेळी मी मास्तराने द्यावे तसे उत्तर दिले. झेंडा सगळ्यांचा आहे, त्याला विटाळ नाही, जा, दोरी धर. मुलगी गेली. परंतु प्रश्न मागे राहिला, कारण मी तिला सांगितले ते खरे असले तरी तिच्या डोळ्यांसमोर जे चालले होते ते नेमके उलट होते. नारळ, कुंकू, काढलेल्या चपला ही सगळी देवळाची भाषा होती आणि देवळाच्या दारात आपले काय होते हे त्या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही.

राष्ट्रध्वजाचा मान कसा राखावा याचे नियम कागदावर आहेत आणि ते अवघड नाहीत. सध्याची भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू झाली. ध्वज झपाट्याने वर न्यावा आणि सावकाश खाली आणावा. केशरी पट्टा वर असावा. ध्वज भिंतीवर उभा लावला तर केशरी पट्टा ध्वजाच्या उजव्या अंगास, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या हातास यावा. लांबी व उंची यांचे प्रमाण तीनास दोन असावे. फाटका, मळका ध्वज लावू नये. जाणूनबुजून तो जमिनीला टेकू देऊ नये, पाण्यात लोळू देऊ नये. त्याच्यावर काही लिहू नये. दुसरा कोणताही झेंडा त्याच्याहून उंच किंवा त्याच काठीवर लावू नये. ध्वज चढताना व उतरताना उपस्थितांनी त्याच्याकडे तोंड करून सावधान उभे राहावे. गणवेशात असतील त्यांनी सलामी द्यावी.

आता आपल्या ओट्यावरचा सोहळा या नियमांशेजारी ठेवून पाहावा. संहिता सांगते की ध्वजस्तंभावर किंवा त्याच्या शेंड्यावर फुले, हार वा चिन्ह असे काहीही ठेवू नये. मोठ्या राष्ट्रीय दिवशी ध्वजाच्या घडीत फुलांच्या पाकळ्या बांधण्यास तेवढी मोकळीक आहे. म्हणजे आपण भक्तिभावाने गुंडाळतो ती झेंडूची माळ हाच नियमभंग आहे. नारळाचे, कुंकवाचे, उदबत्तीचे कलम संहितेत नाही. चपला काढण्याचेही नाही. संहितेला हवा आहे तो ताठ उभा राहिलेला नागरिक. त्याच्या पायांत काय आहे याची तिने चौकशी केलेली नाही.

चपलेचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण आपल्या वाचकांना तो तसा वाटू नये. गावातल्या वरच्या आळीतून जाताना पायातली वहाण हातात घ्यायची, हा दंडक आपल्या आज्या-आज्यांनी पाळला आहे आणि देशात काही ठिकाणी तो फार अलीकडेपर्यंत मोडला नव्हता. ज्याच्या पायातून वहाण जबरीने उतरवली गेली, त्याने स्वतंत्र देशाच्या ध्वजासमोर ती पुन्हा उतरवावी अशी अपेक्षा कायदा करत नाही, गाव करते. ज्यांना स्वखुशीने काढायची असेल त्यांनी काढावी. पण घातली म्हणून ध्वजाचा अपमान झाला, ही निव्वळ अफवा आहे. अशाच अनेक अफवा नियम म्हणून चालतात. चुकून जमिनीला टेकलेला ध्वज जाळावाच लागतो, ही त्यांपैकी एक. कायदा हेतू पाहतो. वाऱ्याने दोरी तुटली आणि ध्वज खाली आला तर तो उचलावा, स्वच्छ करावा आणि पुन्हा लावावा.

हे सोवळे ध्वजाला चिकटले कोठून, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. तेव्हाचा झेंडा आजचा नव्हता. चरख्याचा, काँग्रेसचा होता. गोऱ्या साहेबांची वस्ती असलेल्या सिव्हिल लाइन्समधून तो मिरवत नेण्यास सरकारने बंदी केली आणि बंदी मोडण्यासाठी प्रांतोप्रांतीचे स्वयंसेवक नागपुरात येऊन तुरुंगात गेले. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली आणि ऑगस्टमध्ये अखेर मिरवणूक त्या रस्त्यावरून गेली. सार्वजनिक रस्ता एका वस्तीच्या मालकीचा नसतो आणि त्यावरून आपले निशाण घेऊन चालणे हा आमचा हक्क आहे, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. ते बरोबरच होते.

त्याच ऑगस्ट महिन्यात, ४ तारखेला, मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुली करावीत, असा तो ठराव होता. एकाच महिन्यात एका शहरात रस्ता मागितला जात होता झेंड्यासाठी आणि दुसऱ्या शहरात पाणवठा मागितला जात होता माणसासाठी. पहिली मागणी इंग्रजाकडे होती. दुसरी मागणी कागदावर सरकारकडे असली तरी प्रत्यक्षात ती आपल्याच देशबांधवांकडे होती. पहिली मागणी काही महिन्यांत पदरात पडली. दुसरीसाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर जावे लागले आणि माणसे पाणी पिऊन परतली तेव्हा त्यांच्यावर लाठ्या चालल्या. नंतर ते तळे पंचगव्याने शुद्ध करून घेण्यात आले.

या शुद्धीकडे नीट पाहिले पाहिजे. नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते सार्वजनिक होते. परंतु गावाच्या मनात ते सार्वजनिक नव्हते, पवित्र होते. पवित्र वस्तूचा एक गुण असा की ती बाटू शकते आणि बाटू शकणाऱ्या वस्तूभोवती राखणदार उभा राहतोच. सार्वजनिक वस्तू फार तर मळते, मोडते, दुरुस्त होते, बाटत नाही. देशाच्या ध्वजाची गणना या दोहोंपैकी कशात करायची, हा सातवीतल्या त्या मुलीचा प्रश्न होता.

ज्यांनी हा ध्वज ठरवला त्यांनी त्याची गणना कशात केली? घटना समितीने जून १९४७ मध्ये ध्वजासाठी एक समिती नेमली. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष होते. मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुन्शी यांच्याबरोबर बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. २२ जुलै १९४७ रोजी जवाहरलाल नेहरूंनी ठराव मांडला आणि सभागृहाला दोन ध्वज दाखवले, एक खादीच्या रेशमाचा, एक खादीच्या सुताचा. गडद केशरी, पांढरा, गडद हिरवा असे सारख्या रुंदीचे तीन आडवे पट्टे आणि मधल्या पट्ट्यावर गडद निळे चक्र. ठरावाच्या शब्दांत हे चक्र चरख्याचे प्रतिनिधित्व करते आणि त्याची घडण मात्र सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शीर्षावर कोरलेल्या चक्राची आहे.

या वाक्यावर आपल्याकडेही गैरसमज आहेत आणि ते दूर करणे आपलेच काम आहे. आपल्या वस्त्यांतून, जयंतीच्या भाषणांतून सर्रास सांगितले जाते की ध्वजावर धम्मचक्र एकट्या बाबासाहेबांनी बसवले. बाबासाहेब त्या समितीत होते, हे कागदावर आहे. समितीचे काम सामुदायिक होते आणि ठराव नेहरूंनी मांडला, हेही कागदावर आहे. जेवढे खरे आहे तेवढे पुरेसे मोठे आहे, त्यात भर घालण्याची गरज नाही. उलट बाजूने काही जण ते चक्र म्हणजे निव्वळ चरख्याचे चाक असल्याचे सांगून सारनाथ झाकून टाकतात, तेही खोटे. सभागृहात राधाकृष्णन यांनी त्या चक्राचा अर्थ धर्माचे चक्र आणि गती असाच लावला. खुद्द गांधीजींना चरखा जाऊन चक्र आलेले रुचले नव्हते. चरख्याची टकळी आणि दोरी ध्वजाच्या एका बाजूने सरळ व दुसऱ्या बाजूने उलटी दिसली असती, ही अडचण नेहरूंनी सांगितली होती. म्हणजे अशोकाचे चक्र ध्वजावर येण्याला इतिहासाइतकेच एक साधे व्यवहारी कारणही होते. चोवीस आऱ्यांचे ते चक्र दोन्ही बाजूंनी सारखे दिसते. बुद्धाच्या पहिल्या प्रवचनाची खूण असलेली आकृती या देशाने अखेर स्वतःच्या छातीवर लावली, ती अंशतः शिवणकामाच्या सोयीमुळे. यात मला तरी काही कमीपणा वाटत नाही.

रंगांचेही असेच. केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा, असे आजही शाळेत सांगणारे आहेत. हा अर्थ १९२१ च्या झेंड्याचा होता. पिंगली वेंकय्या यांनी बेझवाड्यात गांधीजींना जो नमुना दाखवला तो लाल व हिरव्या रंगांचा होता आणि त्या वेळी रंग जमातींना वाटले गेले होते. पुढे या वाटणीला आक्षेप आले आणि १९३१ साली काँग्रेसने लाल जाऊन केशरी आणला तेव्हाच रंगांना जमातीचा अर्थ नाही असे स्पष्ट केले. १९४७ मध्ये नेहरूंनी तेच पुन्हा सांगितले. तरीही वाटणीची जुनी पाटी पुसली जात नाही. त्या वाटणीत आपण कोणत्या पट्ट्यात बसतो, हा प्रश्न मी एकदा एका सहकाऱ्याला विचारला होता. तो हसला आणि चहा मागवला.

२२ जुलैच्या त्या चर्चेत मुनिस्वामी पिल्ले, नागप्पा, नागपूरचे खांडेकर हे अस्पृश्य समाजातून आलेले सभासद बोलले आणि त्यांनी ध्वजाला पाठिंबा दिला. सर्वांत वेगळे भाषण जयपालसिंग यांचे. छोटा नागपूरच्या आदिवासींच्या वतीने त्यांनी सभागृहाला आठवण करून दिली की झेंडे उभारणे आणि झेंड्यासाठी लढणे ही सुधारलेल्या म्हणवणाऱ्यांची मिरासदारी नाही. आदिवासींच्या गावागावाला स्वतःचे निशाण असते, जत्रेत ते मिरवले जाते आणि एकाचे निशाण दुसरा उचलत नाही. आता त्या प्रत्येक गावी दोन झेंडे होतील, एक हजारो वर्षांचा आणि एक नवा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ध्वज कोणाचा, या प्रश्नाला त्या दिवशी मिळालेले हे सर्वांत ठाम उत्तर आहे आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याची दखल घ्यायला हवी.

१४ ऑगस्टच्या रात्री भारतातील स्त्रियांच्या वतीने हंसा मेहता यांनी घटना समितीला ध्वज अर्पण केला. लाल किल्ल्यावर नेहरूंनी तो फडकावला तो मात्र १५ ला नव्हे, १६ ऑगस्टला. ही शेवटची गोष्ट कोणी मुद्दाम लपवलेली नाही, तरीही दर वर्षी चुकीची सांगितली जाते.

आता आपल्या चळवळीशी थोडे घरगुती बोलतो. जयंतीच्या मिरवणुकीत एकाच काठीवर वर तिरंगा आणि खाली निळा झेंडा, किंवा उलट, बांधलेला मी पाहिला आहे. हे नियमाला धरून नाही. काठ्या वेगळ्या हव्यात आणि निळा झेंडा तिरंग्याहून उंच नको. तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर 'जय भीम' लिहिणे, चक्राच्या जागी बाबासाहेबांचे चित्र छापणे हाही गुन्हा ठरू शकतो, मग भावना कितीही चांगली असो. ज्यांनी घटना लिहिली त्यांच्या नावाने घटनेखालचा कायदा मोडू नये, असे मला वाटते. शिवाय आपल्या मिरवणुकीवर गुन्हा दाखल करायला निमित्त शोधणाऱ्यांची वाण कोणत्याच गावात नाही.

कापडाचाही एक इतिहास आहे. भारतीय मानक संस्थेने जी मानके तयार केली त्यांत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाच्या मानकाचा आहे. सूत, वीण, रंग, आकार, टाके सगळे त्यात बांधून दिले आहे. हुबळीजवळच्या बेंगेरीत आणि आपल्याकडे नांदेडला खादीच्या संस्थांतून हे काम चालत आले. डिसेंबर २०२१ मध्ये संहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर विणलेला आणि पॉलिएस्टरचाही ध्वज चालेल असे ठरले आणि जुलै २०२२ मध्ये नागरिकाने घरावर लावलेला ध्वज रात्रीही ठेवता येईल असे झाले. तेव्हा सूर्यास्ताला ध्वज उतरवलाच पाहिजे हा नियम आता घरच्या ध्वजापुरता उरलेला नाही. हे सांगायचे एवढ्यासाठी की नियम माणसांनी केले, माणसांनी बदलले. देवाचे सोवळे असे सरकारी अधिसूचनेने बदलत नाही.

पंधरा ऑगस्टची सकाळ सगळे पाहतात. सोळा ऑगस्टची सकाळ पाहावी. रस्त्याकडेला, गटाराच्या तोंडाशी, शाळेच्या फाटकापाशी कागदाचे आणि प्लॅस्टिकचे छोटे झेंडे चिखलात पडलेले असतात. संहिता सांगते की कागदी झेंडे जमिनीवर टाकू नयेत, मान राखून एकांतात त्यांचा निकाल लावावा. जीर्ण झालेला ध्वज पूर्णपणे, खाजगीत, शक्यतो जाळून नष्ट करावा. जाळणे म्हणजे अपमानच, हा समज त्यामुळे अर्धवट आहे. चारचौघांत जाळणे हा गुन्हा. एकांतात, आदराने जाळणे ही रीत. पण सोळा तारखेला ही रीत पाळतो कोण? झाडूवाला पाळतो, कागद-काच-पत्रा वेचणारी बाई पाळते. ती वाकते, चिखलातला झेंडा उचलते, पदराला पुसते, पोत्यात टाकते. ती कोणत्या जातीची आहे हे बहुतेक शहरांत विचारावे लागत नाही. त्या सकाळी ध्वजाला विटाळ होतो असे कोणाच्याही मनात येत नाही. जो हात चौदा तारखेपर्यंत दोरीला चालत नव्हता, तो सोळा तारखेला गटारातून तोच ध्वज काढायला चालतो. ध्वजसंहितेचे जेवढे पालन ही माणसे करतात तेवढे कोणत्याही सरकारी कचेरीत होत नसेल.

अपमानाच्या शिक्षेचा कायदा १९७१ सालचा, राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. तो कायदा होऊन वर्षही उलटले नव्हते तेव्हा स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव आला आणि १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'च्या विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावी दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. ढाले यांनी दोन शिक्षा शेजारी ठेवल्या, राष्ट्राच्या प्रतीकाच्या अपमानाची आणि बौद्ध स्त्रीच्या अब्रूला हात घालण्याची. आणि दुसरी किती स्वस्त आहे ते दाखवले. पुढे त्यांनी ध्वजाविषयी जे शब्द वापरले ते कडक होते, आणि महाराष्ट्र पेटला तो त्या शब्दांवर. दुर्गा भागवतांसारख्या विदुषीनेही निषेध केला. सभा, पत्रे, अग्रलेख यांचा पूर आला. ब्राह्मणगावावर तसा पूर आलेला नव्हता.

ढाल्यांचे शब्द मला तेव्हाही अनाठायी वाटले होते आणि आजही मी ते उच्चारणार नाही. पण त्यांचा हिशेब चुकला होता असे कोणी सिद्ध केलेले नाही. जे लोक ध्वज दुखावला म्हणून रस्त्यावर आले त्यांच्या लेखी ध्वज मूर्तीसारखा होता. मूर्तीला ओरखडा गेला की संताप येतो, आणि मूर्तीच्या देवळाबाहेर कोणाचे लुगडे फेडले गेले तर ती गावातली बाब ठरते. ध्वज जर नागरिकत्वाची खूण असेल तर त्या स्त्रीची विटंबना हाच त्याचा पहिला अपमान होता. हा मुद्दा त्या वर्षी वादात बुडून गेला.

या १९७१ च्या कायद्यातील एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याचे दुसरे कलम एकट्या ध्वजासाठी नाही. सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रध्वज किंवा भारताची राज्यघटना जाळणे, फाडणे, विद्रूप करणे, तुडवणे, या दोहोंना तेथे एकच शिक्षा आहे. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी घटनेवर, ध्वजावर किंवा सरकारी कारभारावर केलेली टीका हा गुन्हा नव्हे. १९७६ साली घटनेत मूलभूत कर्तव्ये आली; त्यांतील पहिल्याच कर्तव्यात घटना पाळणे, तिचे आदर्श व संस्था यांचा मान राखणे आधी येते आणि ध्वज व राष्ट्रगीत नंतर येतात. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ९ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीत जंतरमंतरवर घटनेची प्रत जाळली गेली, बाबासाहेबांविरुद्ध घोषणा झाल्या आणि गुन्हा याच कायद्याखाली नोंदवला गेला. पण ध्वज चुकीचा लावला म्हणून हमरीतुमरीवर येणारी माणसे त्या आठवड्यात कोठे दिसली नाहीत. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत, म्हणजे ब्राह्मणगावच्याच जिल्ह्यात, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील घटनेच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. त्यानंतरच्या आंदोलनात पकडला गेलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला.

ध्वज कोणावर घालावा यालाही नियम आहे. शासकीय, लष्करी आणि निमलष्करी इतमामाच्या अंत्ययात्रेतच शवपेटीवर ध्वज घालता येतो, केशरी बाजू डोक्याकडे ठेवून. तो चितेवर जाळायचा नाही की कबरीत उतरवायचा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातील बिसाहडा गावी, गोमांसाच्या संशयावरून झालेल्या खुनातील एका आरोपीचा कोठडीत असताना मृत्यू झाला आणि गावात त्याच्या शवपेटीवर तिरंगा घालण्यात आला. आरोपी दोषी ठरला नव्हता, हे खरे. पण तो इतमाम त्याला कोणत्याच नियमाने लागू नव्हता. सोवळ्याचे राखणदार तेथे नियमाची पोथी उघडायला विसरले.

ध्वज कोणी लावावा याचे उत्तर मात्र कायद्याने हळूहळू रुंद केले आहे. २००२ पूर्वी सामान्य नागरिकाला वर्षातील ठरावीक दिवशीच तो लावता येई. एका उद्योगपतीने आपल्या कारखान्यावर रोज ध्वज लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीन जिंदल खटल्यात निकाल दिला की मान व प्रतिष्ठा राखून राष्ट्रध्वज मुक्तपणे लावणे हा नागरिकाचा अभिव्यक्तीचा मूलभूत हक्क आहे. त्यावर कायद्याची वाजवी बंधने तेवढी राहतील. निकाल चांगला आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी तो जवळ बाळगावा. कारखान्याच्या मालकासाठी मिळालेला हक्क वस्तीतल्या समाजमंदिरासाठीही तेवढाच आहे.

तरीही १५ ऑगस्ट २०२० रोजी तामिळनाडूच्या तिरुवल्लूर जिल्ह्यात आत्तुपाक्कम पंचायतीच्या अध्यक्ष असलेल्या दलित स्त्रीला ध्वज फडकावू दिला गेला नाही. लोकांनी निवडून दिलेली अध्यक्ष, तिचे स्वतःचे कार्यालय, तिचाच ध्वजस्तंभ. वर्तमानपत्रांत आले, ओरड झाली, तेव्हा २० ऑगस्टला जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक गावी आले आणि त्यांच्या उपस्थितीत तिने दोरी ओढली. हा पाच दिवसांचा अवधी ध्वजसंहितेच्या कोणत्याही कलमात बसत नाही. ध्वज जमिनीला टेकला नव्हता, फाटला नव्हता, उलटा लागला नव्हता. ध्वजाच्या कापडाला काहीही झाले नव्हते आणि कापडापलीकडे संहितेला दिसत नाही. तेथे लागते ते घटनेचे सतरावे कलम.

हे एकट्या त्या गावाचे असते तर गोष्ट तेथे संपली असती. ऑगस्ट २०२२ मध्ये, घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम देशभर १३ ते १५ तारखेला ठरली असताना, तामिळनाडूच्या मुख्य सचिवांना सर्व जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहावे लागले: स्वातंत्र्यदिनी दलित पंचायत अध्यक्षांना ध्वजारोहण करताना जातीमुळे अडथळा येणार नाही याची काळजी घ्यावी, गरज पडल्यास पोलीस संरक्षण द्यावे. पत्रात सतराव्या कलमाचा आधार दिला होता. स्वातंत्र्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत होती.